मागच्या मोनोशॉकचं तेल

सिंहगड रस्त्यावर गतिरोधक ओलांडल्यावरही मोटरसायकलचं शेपूट झुलत राहिलं, तर मोनोशॉकची, म्हणजे मागच्या एकुलत्या शॉकअपची, स्प्रिंग बहुधा ठीक असते, डॅम्पिंग (तेलाने झुलणं आवरण्याचं काम) गेलेलं असतं. शॉकअपच्या रॉडवर तेलाचा ओला थर दिसला की तेल अडवणारं सील गेलं समजा.

शॉकअप उघडताना आधी नायट्रोजन, म्हणजे आत दाबाने भरलेला गॅस. व्हॉल्व्हमधून गॅस पूर्ण सोडल्याशिवाय सर्क्लिपला (सील हेड अडवणाऱ्या कडीला) हात लावू नका, सील हेड, म्हणजे सील बसवलेलं झाकण, गोळीसारखं सुटतं. प्रीलोड नटाचे (स्प्रिंग दाबून धरणाऱ्या नटाचे) आटे मोजून ठेवा. स्प्रिंग कॉम्प्रेसर लावूनच उतरवा. रॉडवरून नख फिरवा. कुठे अडकलं तर क्रोमला खड्डे आहेत, नवं सीलही फार टिकणार नाही.

तेल सहसा २.५डब्ल्यू किंवा ५डब्ल्यू. पण हा जाडीचा आकडा कंपनीगणिक फसवा असतो, म्हणून ४० अंश सेल्सिअसला सेंटिस्टोक (तेलाची जाडी मोजायचं एकक) किती ते बघा. व्हिस्कॉसिटी इंडेक्स (तापल्यावरही तेल फार पातळ न होण्याचं माप) जास्त हवा, कारण इथे तेल थोडं आणि तापतं भरपूर. दुकानदार १०डब्ल्यूचं फोर्क ऑइल (पुढच्या शॉकअपचं तेल) पुढे करतो. त्याने रिबाउंड (दबलेला शॉकअप परत उघडणं) मंदावतो, पुढचा खड्डा येईपर्यंत शॉकअप पूर्ण उघडतच नाही आणि गाडी खाली बसत जाते. इंजिन ऑइल तर नकोच.

भरताना पिस्टन अगदी सावकाश वरखाली करा, बुडबुडे थांबेपर्यंत. घाई केली की तेल फेसाळतं. शेवटी मॅन्युअलमधल्या दाबाने नायट्रोजनच भरून घ्या; टायरवाल्याच्या हवेत ओलावा असतो. बऱ्याच साध्या गाड्यांचे जोडशॉकअप सीलबंदच येतात, ते कापून रिपेअर करण्यापेक्षा नवी जोडी परवडते.