माणसं सांभाळताना आणि ओबी शिकताना या चुका टाळा

चाकणच्या एका कंपनीत मशीन शॉपला मी नऊ वर्षं शिफ्ट बघितली, आता शनिवार-रविवार एमबीएच्या मुलांना ऑर्गनायझेशनल बिहेवियर शिकवतो, म्हणजे कामाच्या जागी माणसं कशी आणि का वागतात याचा विषय, ज्याला सगळे नुसतं ओबी म्हणतात. बॅचमधली बहुतेक मुलं नोकरी करणारी, कोणी नुकताच टीम लीडर झालाय, कोणी एचआरला आहे. त्यांचे पेपर तपासताना आणि चहाच्या वेळी त्यांच्या ऑफिसातल्या गोष्टी ऐकताना त्याच त्या चुका दिसतात, आणि त्यातल्या बऱ्याच मी स्वतः केलेल्या आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

"त्याचा स्वभावच तसा आहे"

सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्याने होतं.

आमच्याकडे एका सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, एक मामा होते, पन्नाशी ओलांडलेले, पर्मनंट. फर्स्ट शिफ्ट ७ ला सुरू व्हायची पण त्यांच्या मशीनवरनं प्रॉडक्शन चालू व्हायला पावणेआठ वाजायचे, आणि हे रोजचं. मी ठरवूनच टाकलं की मामांना आता काम नको झालंय, रिटायरमेंट जवळ आली की माणूस ढिला पडतो. दोनदा तोंडी सांगितलं, तिसऱ्यांदा वॉर्निंग लेटर दिलं. मामा एक शब्द बोलले नाहीत, सही केली आणि कामाला गेले.

महिनाभराने सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, रजेवर होता म्हणून मी स्वतः सकाळी त्या मशीनपाशी उभा राहिलो. मामांनी सातला पाच कमी असतानाच मशीन चालू केलं, वॉर्मअप दिला, पहिला पीस काढला, कपड्याने पुसला, ट्रेमध्ये ठेवला आणि हात मागे बांधून उभे राहिले. मी म्हटलं, "काय झालं मामा, थांबलात का?" म्हणाले, "गेज यायचाय, साहेब." बोअर, म्हणजे पीसमधलं भोक, मापात आहे का ते चेक करायचा प्लग गेज क्वालिटीच्या कपाटात, कपाटाची चावी इन्स्पेक्टरकडे, आणि इन्स्पेक्टर मोशीकडून येणाऱ्या बसला, ती बस ट्रॅफिकमधून गेटवर पोचायचीच साडेसातच्या आसपास. तोवर पुढचे पीस काढले आणि साइज गेलेली निघाली तर रिजेक्शन मामांच्या नावावर. म्हणजे मामा जे करत होते ते शंभर टक्के बरोबर होतं, आणि हे त्यांनी माझ्या आधीच्या दोन इंजिनियर लोकांना सांगूनही झालं होतं, म्हणून मला सांगायच्या भानगडीत पडले नाहीत.

याला पुस्तकात नाव आहे, फंडामेंटल अ‍ॅट्रिब्यूशन एरर, मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये दिलेलं. दुसऱ्याचं वागणं बघताना आपण त्याच्या स्वभावाला जास्त वजन देतो आणि त्याच्या परिस्थितीला कमी. मुलांना ही व्याख्या तोंडपाठ असते, पाचपैकी पाच मार्क, आणि त्याच पेपरात पुढे केस, म्हणजे ऑफिसातला एखादा प्रसंग देऊन विचारलेला प्रश्न, आली की लिहितात, "सदर कर्मचाऱ्याचा अ‍ॅटिट्यूड निगेटिव्ह आहे." केसमध्ये त्या कर्मचाऱ्याचा रिपोर्टिंग बॉस चार महिन्यांत तीनदा बदललाय हे वाचूनसुद्धा!

उपाय साधा आहे पण वेळ खातो. एक वही ठेवा. घडलं काय ते एका ओळीत, मला पहिल्यांदा काय वाटलं ते दुसऱ्या ओळीत, आणि मग हा प्रश्न: या माणसाच्या जागी उद्या दुसरा बसवला तर हे थांबेल का? उत्तर "नाही" असेल तर माणसाला सोडा, कामाची मांडणी बघा. आणि जी अडचण ज्या वेळेला येते त्याच वेळेला तिथं जाऊन तासभर उभं राहा, दुपारी केबिनमध्ये बोलावून विचारलं तर काही कळत नाही.

हॉथॉर्नची अर्धीच गोष्ट

शिकागोजवळ सिसेरोला वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हॉथॉर्न कारखाना होता, तिथं कामावर काय फरक पडतो ते बघायला १९२४ पासून उजेड कमीजास्त करून प्रयोग झाले आणि १९२७ ला रिले, म्हणजे टेलिफोनच्या यंत्रणेतले विजेचे स्विच, जोडणाऱ्या मुलींची वेगळी खोली केली. मुलं लिहितात, लक्ष दिलं की प्रॉडक्शन वाढतं. संपलं उत्तर. आणि मग असा मुलगा टीम लीडर झाला की पिझ्झा पार्टी करतो, सगळ्यांचे वाढदिवस करतो, आणि तीन महिन्यांनी मला विचारतो की सर काहीच फरक का पडत नाही.

त्या खोलीत पाच मुली जोडणी करायच्या आणि सहावी पार्ट पुरवायची. त्यांचा पीस रेटचा, म्हणजे नगावर मिळणाऱ्या पैशाचा, हिशोब मोठ्या डिपार्टमेंटमधून काढून फक्त त्यांच्या छोट्या ग्रुपपुरता केला होता, म्हणजे जास्त काम केलं तर ते त्यांच्याच पगारात दिसायचं. शिवाय १९२८ च्या सुरुवातीला दोघींना काढून त्यांच्या जागी दुसऱ्या आणल्या. एवढं सगळं बदललेलं असताना वाढ नुसत्या लक्ष देण्याने झाली असं कसं म्हणणार?

त्याच कारखान्यात १९३१-३२ ला दुसरी खोली होती, बँक वायरिंगची, म्हणजे टेलिफोनच्या स्विचना वायर जोडायची, १४ पुरुष. तिथंही निरीक्षक समोर बसलेला, पण त्यांनी आपापसात दिवसाचा आकडा ठरवलेला होता, जो जास्त काढेल त्याच्या दंडावर गुद्दा बसायचा. मला ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते कारण ती मी आमच्या लाइनवर बघितलीये. नवीन ट्रेनीने जोशात दहा पीस जास्त काढले की शेजारचा हळूच म्हणणार, "बाळा, उद्यापासून हेच टार्गेट होईल सगळ्यांना." आणि खरं सांगायचं तर तो चुकीचं बोलत नाही, आम्ही मॅनेजमेंटवाले तेच करत आलोय. त्यामुळे "वर्कर काम दाबून ठेवतात" अशी तक्रार असेल तर आधी स्वतःच्या कंपनीतला मागच्या दोन वर्षांचा टार्गेटचा इतिहास काढून बघा. आकडा किती महिने बदलणार नाही ते बोर्डावर लिहून द्या आणि पाळा, एकदा जरी मोडलात तर पुन्हा कोणी विश्वास ठेवणार नाही.

मोजायचं एक आणि हवं असतं दुसरं

मॅनेजमेंटचे अभ्यासक स्टीव्हन कर यांचा १९७५ चा लेख यावरच आहे, बक्षीस एका गोष्टीला द्यायचं आणि अपेक्षा भलत्याच गोष्टीची करायची. "माणशी महिन्याला दोन कायझेन", म्हणजे कामातल्या छोट्या सुधारणेच्या दोन सूचना, असं ठरवलं की पिवळ्या पट्ट्या रंगवायच्या सूचना येतात, डोक्याचं काम येत नाही. हे तरी परवडलं. पण "अपघाताशिवाय इतके दिवस" हा बोर्ड आणि त्यावर मिठाईचा डबा, हे मला खरंच धोकादायक वाटतं. आमच्याकडे एका कॉन्ट्रॅक्टच्या पोराने कापलेल्या बोटाला मशीन पुसायचं कॉटन वेस्ट गुंडाळून तशीच शिफ्ट संपवली, का तर बोर्ड शून्यावर आला असता आणि सगळे त्याच्यावर चिडले असते.

संशोधक एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलच्या टीम बघितल्या तेव्हा चांगल्या चालणाऱ्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त निघाली, कारण तिथली माणसं चुका लपवत नव्हती. तेव्हा रिपोर्ट वाढले की घाबरू नका, सुरुवातीचे काही महिने तर ते वाढायलाच हवेत. ज्याने येऊन सांगितलं त्याला आधी थँक्यू म्हणा, चौकशी नंतर.

पिरॅमिड आणि इतर पाठांतर

थोडक्यात सांगतो. माणसाच्या गरजा पायऱ्यापायऱ्यांनी मांडणाऱ्या मॅस्लो यांच्या १९४३ च्या मूळ लेखात पुस्तकातला तो पिरॅमिड नाहीच, आणि पायऱ्यांचा क्रम ताठर नसतो हे त्यांनीच म्हटलंय, त्यामुळे "हा माणूस तिसऱ्या पायरीवर आहे" असं केसमध्ये लिहू नका. कामात समाधान कशाने मिळतं आणि नाराजी कशाने येते हे शोधायला हर्झबर्ग यांनी अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या भागातल्या सुमारे २०० इंजिनियर आणि अकाउंटंटना विचारलं होतं, तेव्हा ते निष्कर्ष उचलून कॉन्ट्रॅक्टवरच्या हेल्परला लावताना दहा वेळा विचार करा. कोणतीही थिअरी वापरताना ती कोणाला बघून तयार झाली एवढं एक वाक्य उत्तरात लिहिलं तरी पेपर वेगळा दिसतो.

मीटिंगमधली शांतता

"काही शंका?" सगळे गप्प. "ओके, मग सोमवारपासून सुरू." आणि सोमवारी काहीच सुरू होत नाही. आपल्याकडे साहेबांसमोर नाही म्हणणं म्हणजे उद्धटपणा, त्यामुळे शांततेला होकार धरू नका. प्रश्न बदला, "हे सोमवारी चालू केलं तर पहिलं कुठे अडेल?" असं विचारा, सगळ्यात ज्युनियरला आधी बोलू द्या, तुम्ही शेवटी बोला.

आणि जाता जाता, पंचविशीतल्या इंजिनियरने वडिलांच्या वयाच्या ऑपरेटरला अरे-तुरे करू नये. मामा, काका, नाहीतर नाव घेऊन अहो-जाहो, काहीही चालेल. यावर एकही चॅप्टर नाही पण निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात.

चूक कळल्यावर गप्प बसणं

गेजचं कळल्यावर मी दुसरा प्लग गेज मागवून मशीनच्या बाजूला हुकवर लावला आणि मला वाटलं झालं काम. दोन महिन्यांनी लक्षात आलं की वॉर्निंग लेटर अजून मामांच्या फाइलमध्येच आहे. ते काढायला एचआरकडे लेखी द्यावं लागलं की चूक माझी होती, तीन आठवडे गेले. लेटर रद्द झाल्याचा कागद मी लाइनवर सगळ्यांसमोर मामांच्या हातात दिला, कारण वॉर्निंगही सगळ्यांना माहीत होती. मामांनी तो दोनदा वाचला, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला, आणि म्हणाले, "साहेब, आता आलाच आहात तर कूलंटचंही सांगतो."