कोरडवाहू रानात मीठ वर आलंय? आधी हे करा

पांढरा थर दिसला की लगेच जिप्सम (माती सुधारायचं कॅल्शियमयुक्त खनिज) आणू नका, आधी माती खारवट (विरघळणारं मीठ जास्त) आहे की चोपण (सोडियम जास्त) ते बघा, दोन्हीचा इलाज वेगळा आहे. माती परीक्षणाच्या रिपोर्टमध्ये ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे मिठाचं माप) ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर आणि सामू (पीएच) ८.५ च्या आत असेल तर खारवट. सामू ८.५ च्या वर आणि विनिमयी सोडियम (मातीच्या कणांना धरून बसलेला) १५ टक्क्यांच्या वर असेल तर चोपण. अंदाज घ्यायचा तर वाळलेलं ढेकूळ पावसाच्या पाण्यात अलगद सोडा, हलवू नका, दुसऱ्या दिवशी भोवतीचं पाणी दुधासारखं गढूळ दिसलं तर सोडियमचा संशय धरा.

खारवट मातीतलं मीठ पाण्यानंच खाली जातं आणि कोरडवाहूत पाणी म्हणजे पाऊसच, म्हणून रान सपाट करा, बांध घाला, पाऊस जागेवर मुरवा, पण खाली निचरा नसेल तर मीठ परत वर येणार हे पक्कं. आणि कृपा करून रान उघडं ठेवू नका! ऊन लागलं की ओल वर ओढली जाते, पाणी उडतं, मीठ राहतं. काडीकचऱ्याचं आच्छादन एवढ्यासाठीच, माझ्या मते सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय हाच.

चोपणला जिप्सम, रिपोर्टप्रमाणे, पावसाआधी वरच्या थरात मिसळून. शेणखत सोबत द्याच.

पेरायला बार्ली, कापूस, करडई तग धरतात, हरभरा, मूग, घेवडा टाळा. चढावरून पाणी झिरपून खाली मीठ फुटत असेल तर चढावरच खोल मुळांचं पीक घ्या.