दोन विमानतळांमधील अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढावा

मुंबई ते दिल्ली हा विमानप्रवास तिकिटावर साधारण सव्वादोन तासांचा दाखवलेला असतो, मात्र विमान प्रत्यक्ष हवेत पावणेदोन तासांच्या आसपासच असते. हा फरक समजून घ्यायचा असेल, तर एकदा तरी कागदावर हिशेब करून पाहावा.

प्रथम अंतर काढू. मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ 19.09 अंश उत्तर अक्षांश व 72.87 अंश पूर्व रेखांशावर आहे, तर दिल्लीचा इंदिरा गांधी विमानतळ 28.57 आणि 77.10 अंशांवर आहे. अक्षांशांतील फरक 9.48 अंशांचा असून एका अंशाला सुमारे 111 किलोमीटर धरल्यास तो 1,052 किलोमीटर होतो. रेखांशांतील फरक 4.23 अंश आहे. परंतु ध्रुवांकडे जाताना रेखांश एकमेकांच्या जवळ येत असल्याने येथे 111 ला मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने, म्हणजे 0.915 ने गुणावे लागते आणि उत्तर 430 किलोमीटर येते. या दोन बाजूंवरून काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढला की सुमारे 1,137 किलोमीटर हे सरळ हवाई अंतर मिळते.

लांबच्या प्रवासाला ही रीत पुरत नाही, कारण तेथे पृथ्वीची गोलाई आड येते. अशा वेळी सपाट नकाशा बाजूला ठेवून पृथ्वीच्या गोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरावा. तो जिथून जातो तोच सर्वांत जवळचा मार्ग होय. मुंबई ते लंडनच्या हीथ्रोपर्यंत हे अंतर सुमारे 7,200 किलोमीटर भरते. हवाई हद्द बंद असेल तर विमानाला याहून लांबचा वळसा घ्यावा लागतो.

वेळेसाठी अंतराला ताशी 800 किलोमीटरने भागावे आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवावा. दिल्लीसाठी उत्तर दोन तासांच्या थोडे आत येते. तिकिटावरील वेळ मात्र विमान जागेवरून हलल्यापासून उतरून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो, त्यामुळे धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे आणि गर्दीच्या वेळी आकाशात घिरट्या घालणे हे सारे त्यात धरलेले असते.

परदेशी प्रवासात सर्वाधिक गोंधळ घड्याळाचा होतो, कारण तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक छापलेल्या असतात. समजा, उन्हाळ्यात मुंबईहून दुपारी 1 वाजता निघून लंडनला सायंकाळी 6.15 ला पोहोचायचे आहे. घड्याळाप्रमाणे सव्वापाच तास दिसतात. त्यात साडेचार तासांचा कालफरक मिळवला की खरा प्रवास पावणेदहा तासांचा ठरतो. हिवाळ्यात हा कालफरक साडेपाच तास असतो. परतीच्या प्रवासात तो वजा करावा, आणि पश्चिमेकडून वाहणाऱ्या उंचावरील वेगवान वाऱ्यांची साथ मिळत असल्याने तो प्रवास बहुधा कमी वेळेचा असतो, हेही लक्षात घ्यावे.

पुढचे विमान पकडायचे असेल तर केवळ वेळापत्रकावर विसंबू नये. त्याच क्रमांकाचे विमान गेल्या आठवडाभरात प्रत्यक्ष किती वाजता पोहोचले ते पाहावे आणि त्यांतील सर्वांत उशिराची वेळ धरून जोडविमान निवडावे.