लस टोचल्यावर घरी काय पाहायचं, काय लिहायचं

बाळाला लस टोचून आणली की घरात पहिला प्रश्न येतो, ताप आला तर? दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या पेंटाव्हॅलंटनंतर, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्रित लशीनंतर, एक-दोन दिवस ताप, किरकिर, मांडीला सूज हे होणारच असं धरून चला. तयारी असली की रात्री धावपळ होत नाही. आणि त्या रात्री तुम्ही वहीत जे टिपून ठेवता, त्यावरच लशीच्या सुरक्षिततेचा अभ्यास उभा राहतो.

निघताना लसीकरणाचं कार्ड, डिजिटल थर्मामीटर आणि छोटी वही पिशवीत टाका. साधी सर्दी असेल तर लस पुढं ढकलू नका. आधीच्या डोसनंतर झटके, अंगभर गांधी किंवा धाप असं काही झालं असेल, तर टोचण्याआधीच सिस्टरना सांगा.

केंद्रावर कुपी बघायला मागा, त्यात संकोच नको. कुपीवर एक गोल असतो आणि त्याच्या पोटात चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चालते. दोघांचा रंग सारखा झाला किंवा चौकोन जास्त गडद झाला, तर त्या लशीनं ऊन-उष्णता सोसलेली आहे, ती वापरायची नसते. बीसीजी आणि गोवर-रुबेलाची पूड द्रावणात मिसळल्यावर चार तासांच्या आत संपवायची, उरली तर टाकून द्यायची. म्हणूनच कुपीवर उघडल्याची वेळ लिहितात, तीही वाचा. चार तासांनंतर कुपीत जंतू वाढू शकतात. अशा वेळी होणारा त्रास लशीच्या अंगचा नसतो, तो हाताळणीतल्या चुकीचा असतो. पेंटाव्हॅलंटची गोष्ट वेगळी आहे. तिला गोठणं सोसत नाही, एकदा गोठली की ती निकामी.

टोचल्यावर तीस मिनिटं तिथंच बसा. जिवावर बेतणारी ॲलर्जी दहा लाख डोसांमागे साधारण एखाद्याला होते, पण झाली तर बहुतेक वेळा पहिल्या काही मिनिटांतच होते, आणि तिच्यावरचं ॲड्रिनॅलिन केंद्रावर असतं, एसटीत नसतं. पावसाची झड आली किंवा गाडी सुटतेय म्हणून दहा मिनिटांत उठू नका.

आता तापाचं औषध. सगळ्यात जास्त गफलत इथंच होते. पॅरासिटामॉलची मात्रा वयावर नाही, वजनावर ठरते, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. पाच किलोच्या बाळाला ५० ते ७५ मिलिग्रॅम पुरतं. थेंबांच्या बाटलीत बहुधा १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असतात, म्हणजे अर्धा ते पाऊण मिलिलिटर द्यायचं. सिरपवर ५ मिलिलिटरला १२० लिहिलं असेल तर दोन ते तीन मिलिलिटर, २५० असेल तर एक ते दीड. शेजारणीनं सांगितलं, ‘तीन मिलिलिटर दे’, आणि घरात मात्र थेंबांची बाटली असली, तर बाळाच्या पोटात ३०० मिलिग्रॅम जातात, म्हणजे चौपट. त्यानं यकृताला इजा होऊ शकते. बाटलीवरचा आकडा वाचा आणि बाटलीसोबतच्या ड्रॉपरनंच मोजा, घरातल्या चमच्यानं नाही. दोन डोसांत सहा तास हवेत, दिवसाला चारच्या वर नकोत. ताप येण्याआधीच देऊ नका. दीड महिन्याच्या बाळासाठी मात्रा केंद्रावरच विचारून, लिहून घ्या. सुजलेल्या जागेला हळदीचा लेप, शेक, चोळणं यातलं काही नको. स्वच्छ ओला कपडा ठेवा आणि अंगावर पाजत राहा.

वहीतली नोंद अशी असावी: ‘मंगळवार, दुपारी १२.१०, पेंटाचा दुसरा डोस, डावी मांडी. ६.३० ला काखेत १००.८. ६.४५ ला थेंब ०.७ मिलि. ८.१५ ला ९९.४, नीट प्यायलं.’ ‘रात्री लई ताप होता’ एवढ्यावरून डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही.

नोंद दोन दिवसांवर थांबवू नका. गोवर-रुबेलाच्या लशीतला विषाणू जिवंत पण दुबळा केलेला असतो, तो अंगात वाढायला वेळ घेतो. त्यामुळं ताप किंवा पुरळ सातव्या ते बाराव्या दिवशी येतो. दुसऱ्या दिवशी जुलाब लागले की लोक लशीला बोल लावतात, आणि आठव्या दिवशी ताप आला तर दृष्ट काढतात. तारखा लिहिलेल्या असल्या की हा घोळ होत नाही. बीसीजीची गाठ दोन ते सहा आठवड्यांनी येते, कधी फुटते, वण ठेवून भरते. तिला काही लावू नका.

थेट दवाखाना गाठायची लक्षणं अशी: झटका, धाप, बाळ लुळं पडणं, तीन तासांवर न थांबणारं रडणं, १०२ च्या वरचा ताप. रोटाव्हायरसच्या (जुलाबांवरच्या लशीच्या) डोसनंतर बाळ थांबून थांबून कळवळून रडत असेल, उलट्या होत असतील, शीला रक्तमिश्रित शेंब असेल, तर तासभरही थांबू नका, १०८ ला फोन करा किंवा मोठं सरकारी रुग्णालय (कोल्हापुरात सीपीआर) गाठा. हे आतडं आतड्यात शिरण्याचं लक्षण असतं.

हे कळलं तेही नोंदींमुळंच. अमेरिकेत १९९८ मध्ये रोटाव्हायरसची पहिली लस आली. वर्षभरात अशा आजाराच्या अवघ्या १५ नोंदी आल्या आणि लस तिथंच थांबवली गेली. मोजल्यावर धोका दहा हजार बाळांत साधारण एकाला असा निघाला. त्यानंतरच्या दोन लशींच्या चाचण्या म्हणून प्रत्येकी साठ हजारांहून जास्त बाळांवर झाल्या. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीनं स्वमग्नता (ऑटिझम) येते, हा आरोपही असाच मोजून पाहिला गेला. तो आरोप ज्या लेखातून पसरला, तो १९९८ चा लेख बारा मुलांवरचा होता आणि २०१० मध्ये मागं घेतला गेला. डेन्मार्कच्या ६,५७,४६१ मुलांच्या नोंदींत लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत तसा वाढीव धोका दिसला नाही. लशीनंतर काय झालं एवढं पाहून भागत नाही, लस न घेतलेल्यांत ते किती होतं, हे शेजारी ठेवावं लागतं. पाच वर्षांखालच्या शंभरांतल्या दोन ते पाच मुलांना तापात झटका येऊन जातोच.

तापाच्या भीतीनं गोवर-रुबेला टाळणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की गोवर झाला तर शरीर इतर आजारांविरुद्ध कमावलेली प्रतिपिंडंही गमावतं. २०१९ च्या एका अभ्यासात हे नुकसान ११ ते ७३ टक्के निघालं. अंगावरचं पुरळ जातं, पण पुढं बराच काळ न्यूमोनिया-जुलाब मागं लागतात. लस त्या सगळ्यापासून वाचवते.

गंभीर काही झालं तर आशाताईंना आणि आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. खासगी दवाखान्यात लस घेतली असेल तर कुपीचा बॅच नंबर मोबाईलनं टिपून ठेवा. देशभरासाठीची मोफत नोंद १८००-१८०-३०२४ वर होते. दवाखान्याचे कागद फेकू नका. जिल्ह्याची समिती त्यावरूनच तपास करते आणि राज्याची समिती लस, हाताळणी की योगायोग हे ठरवते. पुढचा डोस द्यायचा की नाही हे घरी ठरवू नका. ज्या लशीनं जीवघेणी ॲलर्जी झाली, ती मात्र पुन्हा कधीच नको.

ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर आलेल्या आयांनी कार्ड गावी राहिलं म्हणून केंद्रावर जायचं टाळू नये. डोस लांबला तरी पहिल्यापासून सुरू करावा लागत नाही, जिथं थांबला तिथून पुढं चालतो, आणि गोवर-रुबेला तर पाच वर्षांपर्यंत मिळते.