गाभण घोडीचा हिवाळा आणि पोटातलं शिंगरू

दिवस मोठे होऊ लागले की घोड्या माजावर येतात. त्या हंगामात गाभ धरलेली घोडी सुमारे ३४० दिवसांनी, म्हणजे पुढची थंडी सरता सरता विते. पण शिंगराच्या जन्मवेळच्या वजनातला जवळपास दोन तृतीयांश वाटा शेवटच्या तीन महिन्यांत चढतो आणि ते महिने नेमके ओला चारा आटलेले असतात. आत्ता दुर्लक्ष झालं तर त्यातलं बरंच काही नंतर कितीही खुराक दिला तरी भरून निघत नाही.

आधी घोडीला हात लावून बघा. थंडीतले दाट केस फसवतात. माझ्याकडची एक घोडी गोल पोटाची, तुकतुकीत दिसत होती, मी निर्धास्त होतो. एकदा खरारा करताना तळहात बरगड्यांवर टेकला आणि बोटं थेट खाचांत उतरली. पोट होतं ते गर्भाचं आणि वैरणीचं, अंगावर मांस उरलंच नव्हतं. शिंगरू चांगलं भरदार जन्मलं, कारण गर्भ आपला वाटा आईच्या अंगातून ओढून घेतो. पण पान्हा तोकडा पडला, आणि घोडी पुढे लवकर गाभ धरेना. तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी हात फिरवतो. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, हलक्या दाबाने हाताला लागाव्यात. अंगावरचं मांस मोजायच्या १ (अगदी हडकुळी) ते ९ (अति लठ्ठ) या मापात ६ च्या आसपास घोडी असावी. फार लठ्ठही करू नका. दाण्याचा मारा केलेल्या घोडीला खुरांची सूज जडू शकते, आणि तिच्या शिंगराच्या सांध्यांनाही धोका वाढतो.

५०० किलोच्या घोडीला रोज ८ ते १० किलो चांगली वाळलेली वैरण लागतेच. अकराव्या महिन्यात तिची ऊर्जेची गरज एरवीच्या सव्वापट होते, पण वाढलेलं गर्भाशय आतड्यांना दाबतं, त्यामुळे एका वेळी फारसं खाववत नाही. म्हणून वैरण थोडी थोडी, दिवसातून चार वेळा टाका. दाणा लागलाच तर एका वेळी दोन किलोंच्या आत ठेवा. लसूणघासासारखी थोडी द्विदल वैरण मिसळली की चांगली प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही मिळतात. कोंड्यावर मात्र भिस्त ठेवू नका. त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य, त्यामुळे आईच्या हाडांतलं कॅल्शियम ओढलं जातं. बुरशी आलेली वैरण गाभण घोडीपुढे टाकूच नका. पेंढी सोडली की कुबट वास किंवा पांढरट धूळ उडते का, ते रोज बघा.

तांब्याकडे मात्र मी सगळ्यात जास्त लक्ष देतो. घोडीच्या दुधात तांबं फार कमी असतं. शिंगरू पोटात असतानाच शेवटच्या महिन्यांत ते आपल्या यकृतात साठवतं आणि पहिले काही महिने हाडं-सांधे घडवताना त्याच साठ्यावर जगतं. वीत झाल्यावर घोडीला कितीही तांबं चारलं तरी दुधातून ते पुरेसं उतरत नाही. म्हणून घोड्यांसाठीचंच खनिज मिश्रण आतापासून सुरू करा. सेलेनियम आणि आयोडीन मात्र मनाने वाढवू नका. दोन्हींची कमतरता जशी बाधते तसा अतिरेकही बाधतो. आयोडीन कमी झालं तरी आणि जास्त झालं तरी शिंगराला गलगंड होतो.

आईचं गर्भाशय शिंगराचा आकार किती ठरवतं, हे वॉल्टन आणि हॅमंड या शास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये दाखवलं. अवाढव्य शायर आणि चिमुकल्या शेटलंड घोड्यांचा त्यांनी दोन्ही बाजूंनी संकर केला. शायर घोडीला झालेली शिंगरं शेटलंड घोडीला झालेल्या शिंगरांच्या जवळपास तिप्पट वजनाची निघाली.

रोगप्रतिकारक द्रव्यं मात्र गर्भाशयातून शिंगराकडे जातच नाहीत, ती फक्त चिकातून मिळतात. म्हणून धनुर्वाताची लस विण्याआधी ४ ते ६ आठवडे टोचून घ्या. घोडी जिथे विणार तिथेच तिला महिनाभर आधी आणून ठेवा, म्हणजे तिथल्या जंतूंविरुद्धची द्रव्यं चिकात तयार होतात. हर्पीस विषाणूमुळे घोडी गाभ टाकू शकते, त्याची लस पाचव्या, सातव्या आणि नवव्या महिन्यात देतात. राहिली असेल तर पशुवैद्यांना विचारा. विण्याला अवकाश असताना कास भरू लागली, दूध टपकू लागलं किंवा मागून स्राव दिसला, तर त्याच दिवशी पशुवैद्यांना बोलवा. वारेला, म्हणजे गर्भाला पोसणाऱ्या आवरणाला, जंतुसंसर्ग झाल्याची ती खूण असू शकते.

सडांच्या टोकाला मेणासारखे थेंब दिसले की साधारण एक-दोन दिवसांत घोडी विते. विताना पांढरट पडद्याऐवजी लाल मखमली पिशवी बाहेर आली तर वार आधीच सुटलेली असते आणि शिंगराला प्राणवायू मिळत नाही. ती पिशवी लगेच फाडून शिंगरू बाहेर काढा, पशुवैद्याची वाट बघत बसू नका. एरवी शिंगरू तासाभरात उभं राहावं, दोन तासांत चीक प्यावं आणि तीन तासांत वार पडावी. चिकातली द्रव्यं शोषण्याची आतड्याची ताकद तासागणिक घटते आणि २४ तासांत संपते, म्हणून पहिल्या सहा तासांत पोटभर चीक गेलाच पाहिजे. पडलेली वार टाकून देऊ नका. पाणी मारून जमिनीवर पसरा, दोन्ही टोकं शाबूत आहेत का बघा आणि पशुवैद्य येईपर्यंत बादलीत झाकून ठेवा.