प्राथमिक वर्गातील दिवस आणि गृहपाठ यांची सांगड कशी घालावी

शेवटची घंटा व्हायला पाच मिनिटे उरली असताना फळ्यावर ‘पान ३४ वरील सर्व उदाहरणे’ असे लिहून मोकळे होणे, ही आपल्यापैकी बहुतेक शिक्षकांची सवय असते. ती मोडण्याचा सोपा मार्ग म्हणजे सकाळी पाठाचे टाचण काढतानाच गृहपाठ लिहून ठेवणे आणि ‘आज घरी मुलाला कोणाच्याही मदतीशिवाय काय करता आले पाहिजे?’ या प्रश्नाच्या उत्तराभोवती त्या दिवसाच्या तासिका बेतणे.

दुसरीच्या वर्गातील हातच्याच्या वजाबाकीचे उदाहरण घेऊ. ५२ − २७ हे उदाहरण दिले की काही वह्यांमध्ये हमखास ३५ हे उत्तर सापडते. हा निष्काळजीपणा नसतो. मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, हा आधी शिकलेला नियम मूल प्रामाणिकपणे पाळते, म्हणून ते एककाच्या घरात ७ मधून २ वजा करते. ५८ − २३ सारख्या उदाहरणात हाच चुकीचा नियम बरोबर उत्तर देऊन जातो, त्यामुळे अशी वीस उदाहरणे दिली तरी गैरसमज झाकलेलाच राहतो. उदाहरणे नेमकी निवडलेली असतील, तर चार पुरतात.

गणिताची तासिका शक्यतो सकाळच्या पहिल्या सत्रात घ्यावी. प्रत्येकी दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मुलांच्या हातात द्याव्यात आणि त्यांतून सात काड्या मागाव्यात. दोनच सुट्या असल्यामुळे मुले अडतात. या क्षणी शिक्षकाने गप्प राहावे, आणि तेच सर्वांत कठीण असते. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात असे दाखवून दिले की, प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि हाच अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवला तर उत्तरे लांब होतात व एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागतात. मी मनातल्या मनात आकडे मोजतो. तेवढ्या वेळात कोणीतरी एका गठ्ठ्याचे रबर काढतेच. मग चार गठ्ठे आणि बारा सुट्या काड्या समोर असतात, त्यांतून दोन गठ्ठे व सात काड्या बाजूला केल्या की २५ उरतात. हेच फळ्यावर मांडून दाखवावे आणि त्यानंतर दोन उदाहरणे वर्गपाठ म्हणून सोडवून घ्यावीत. शिक्षकाने रांगांतून फिरत वह्या पाहाव्यात. ज्यांना अजून काड्या लागतात, त्यांना त्या वापरू द्याव्यात.

भाषेच्या तासिकेला हाच क्रम चालतो: आधी प्रकट वाचन, मग बोलणे, मग थोडे लेखन. दुपारनंतर मुले थकलेली असतात, तेव्हा नवा घटक सुरू करू नये. चित्रकला, खेळ किंवा उजळणी घ्यावी.

गृहपाठ किती द्यावा, यावर पालक आणि शिक्षक यांचे क्वचितच एकमत होते. इयत्तेमागे दहा मिनिटे, म्हणजे पहिलीला दहा आणि चौथीला चाळीस, असा एक संकेत अमेरिकेत प्रचलित आहे. गृहपाठावरील संशोधनाचा हॅरिस कूपर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये घेतलेला आढावा सांगतो की, गृहपाठ आणि यश यांचा संबंध वरच्या वर्गांत ठळक असतो, तर प्राथमिक वर्गांत तो बराच क्षीण असतो. त्यामुळे माझ्या मते इयत्तेमागची ही दहा मिनिटे कमाल मर्यादा मानावीत. चार वजाबाक्या, एका परिच्छेदाचे मोठ्याने वाचन आणि ‘आज गठ्ठा का सोडावा लागला?’ हे घरी कोणाला तरी तोंडी सांगणे, एवढे दुसरीच्या मुलाला पुरे. सूचना फळ्यावर लिहून झाल्यावर एका मुलाकडून ती त्याच्या शब्दांत वदवून घ्यावी आणि पहिले उदाहरण वर्गातच सुरू करायला लावावे. काय करायचे ते कळले नसेल, तर ते इथेच उघड होते.

पालकांना एकच विनंती करावी. वेळ संपली की मूल जिथे थांबले तिथे वहीत रेघ ओढावी आणि चुका तशाच राहू द्याव्यात.

दुसऱ्या दिवशी हजेरीनंतरची पहिली दहा मिनिटे या वह्यांसाठी राखून ठेवावीत. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर केलेल्या आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवले होते की, विसरण्याचा वेग शिकल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत सर्वाधिक असतो. म्हणून वह्या उघडण्यापूर्वी कालच्यासारखेच एक उदाहरण पाटीवर आठवून सोडवायला सांगावे. मग वह्यांचे तीन गठ्ठे करावेत: जमलेल्या, एकाच प्रकारची चूक असलेल्या आणि अर्धवट राहिलेल्या. ६३ − २८ चे उत्तर ४५ आणि ७१ − ४६ चे ३५ लिहिणारी मुले दुसऱ्या गठ्ठ्यात येतात. त्यांना पाच मिनिटे जवळ बसवून पुन्हा काड्या द्याव्यात. गृहपाठ न केलेल्या मुलाची मधली सुट्टी काढून घेऊ नये. त्याला एक उदाहरण आपल्या शेजारी बसवून सोडवायला लावावे, म्हणजे अडचण वजाबाकीची आहे की घरी वही उघडायला जागा आणि वेळ नसण्याची, ते समजते आणि त्यानुसार त्या दिवसाच्या टाचणात त्याच्यापुरता बदल करता येतो.