‘हमारा’ म्हणणारा कोण? गीतांचा अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी

एम.ए.च्या पहिल्या वर्षी मी ‘फिर सुबह होगी’ (१९५८) या चित्रपटातील साहिर लुधियानवींच्या ‘चीन-ओ-अरब हमारा’ या गीतावर निबंध लिहिला आणि त्यात ‘कवी गरिबांची व्यथा मांडतो’ हे वाक्य पाच ठिकाणी वापरले. सरांनी पाचही ठिकाणी पेन्सिलीने रेघ ओढून समासात एवढेच विचारले होते, ‘हे बोलतो आहे कोण?’ गरिबीवरील गीते अभ्यासणाऱ्याने याच प्रश्नापासून सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते.

हे गीत कवी इक्बालांच्या तराण्यांचे, म्हणजे देशगौरव-समाजगौरवाच्या गीतांचे, विडंबन आहे; म्हणून उत्तरासाठी ते तराणे शेजारी ठेवावे लागतात. त्यांच्या १९०४च्या तराण्यात (‘सारे जहाँ से अच्छा’) ‘वो संतरी हमारा, वो पासबाँ हमारा’ अशी ओळ आहे; तिथे देशाचा ‘संतरी’ आणि ‘पासबाँ’, म्हणजे राखणदार, हा हिमालय आहे. साहिर ती ओळ जशीच्या तशी उचलतात. मात्र तिच्याआधी रिकामा खिसा आणि शिवी येते, त्यामुळे तोच संतरी आता गरिबावर खेकसणारा पोलीस होतो. ओळीतला एकही शब्द न बदलता केवळ बोलणारा बदलल्याने सगळा अर्थ उलटतो, हे लक्षात आले तेव्हा मी निबंध पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतला.

पण हा बोलणारा तरी नक्की कोण? त्याची ‘खोली’ गेली आहे (उर्दू ओळीत आलेला हा आपला चाळीतला शब्द मराठी वाचकाने नजरेआड करू नये) आणि तो झोपायला मुंबईच्या बोरीबंदर स्टेशनवर येतो. तरीही इक्बाल त्याला मुखोद्गत आहे, आणि शिक्षण अर्धवट राहिल्याचे तो स्वतःच सांगतो. तो बेघर मजूर आहे की बेघरांच्या वतीने बोलणारा शिकलेला तरुण, याचा निकाल मी घाईने लावला होता आणि तिथेच चुकलो होतो, कारण ‘हमारा’ या एका शब्दात दोघेही सामावतात.

म्हणून गीत आधी हाताने उतरवून काढावे आणि प्रत्येक ‘हमारा’समोर मालकीची वस्तू लिहावी: सारे जग, मुंबईचे फुटपाथ, गुपित जाणणारा हमाल. शेवटी हाच माणूस म्हणतो की आम्ही देश असा सजवू की जग थक्क होऊन पाहत राहील. ही प्रतिज्ञा आहे की शेवटचा टोला? माझ्या वहीत दोन्ही अर्थ शेजारी शेजारी लिहिलेले आहेत आणि त्यांतला एकही मला अजून खोडवत नाही.